रिपोर्टमध्ये 'कोडॉन १५' आलंय, कुणी उलगडून सांगेल काय?

मलप्रभाकाठ (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, नोकरी बेळगावात. बायको चंदगडकडची, तिला तिसरा महिना लागलाय. पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ आलं. डॉक्टरांनी 'रक्तपेशी लहान दिसतात' म्हणून आणखी एक तपासणी लावली. त्यात एचबीए२ नावाचा हिमोग्लोबिनचा प्रकार ५.४, म्हणजे जास्त आला, म्हणून रक्त बाहेर पाठवलं. काल रिपोर्ट हातात पडला. त्यावर असं आहे: एचबीबी जनुक, कोडॉन १५, टीजीजीचं टीएजी, हेटेरोझायगस. खाली 'बीटा थॅलेसेमिया ट्रेट'.

समजावणाऱ्या मॅडम भल्या होत्या, पण कन्नड आणि इंग्रजी मिसळून भराभर बोलल्या. माझं कन्नड बाजारहाटापुरतं, बायकोला तेवढंही येत नाही. आईनं त्यातून एवढंच उचललं की सुनेच्या रक्तात दोष आहे. कालपासून घरात भांड्यांचाच आवाज जास्त आहे. मी एसएसएलसीपर्यंत मराठी माध्यमात, पुढे कॉमर्स. टीजीजीचं टीएजी म्हणजे एकच अक्षर बदललं ना? एका अक्षरानं एवढं काय होतंय?

कुंदाप्रेमी (९.५२)

'ध'चा 'मा' झाला की राव. एका अक्षरानं पेशवा गेला, तुम्ही काय विचारालाय.

शहापूरची सून (१०.०५)

कुंदाप्रेमी, वेळ बघून बोला हो.

मलप्रभाकाठ, थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार, पण ट्रेट म्हणजे आजार नव्हे, नुसतं वाहक असणं. मलाही हेच आहे, फक्त माझ्या रिपोर्टवर वेगळं काहीतरी लिहिलं होतं. दोन मुलं झाली, दोघंही धडधाकट, थोरला सध्या सायकल घेऊन गल्लीभर हिंडालाय. पण एक विचारू? तुमचं स्वतःचं रक्त तपासलं काय?

मलप्रभाकाठ (१०.११)

नाही. मला काय झालंय?

लॅबवाली (१०.१४)

दर वेळी नवरे हेच म्हणतात. उद्या सकाळी जाऊन एचबीए२ आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) द्या. परवावर ढकलू नका. दोघंही वाहक निघाले तर गर्भाची तपासणी साधारण दहाव्या ते तेराव्या आठवड्यात करतात, म्हणून दिवस मोजायचे. सविस्तर नंतर लिहिते, ड्युटीवर आहे.

निवृत्त मास्तर (११.३०)

मी पीयूसीला जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो. मलप्रभाकाठ, आधी घाबरू नका, मग वाचा.

डीएनएची अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. त्याची नक्कल आरएनएमध्ये उतरते तेव्हा टीच्या जागी यू येतो. प्रथिनं मात्र २० प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. चार अक्षरांतून वीस नावं कशी लिहायची? एकेक अक्षर घेतलं तर ४ नावं होतात. दोन-दोन घेतली तर १६, तरी कमीच. तीन-तीन घेतली की ६४, आता पुरून उरतात. म्हणून प्रत्येक शब्द तीन अक्षरी, तोच कोडॉन. ६४ पैकी ६१ कुठल्या ना कुठल्या अमिनो आम्लाचे. उरलेले तीन, यूएए, यूएजी आणि यूजीए, यांचा अर्थ एकच: थांब.

आता तुमचं टीजीजी. आरएनएमध्ये ते यूजीजी, म्हणजे ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल. मधला जी जाऊन ए आला की यूएजी, म्हणजे थांब. तुमच्या रिपोर्टवरचं एचबीबी जनुक हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीचं, ती साखळी १४६ अमिनो आम्लांची असते. इथं १४ जोडून होतात आणि पंधराव्या जागी काम बंद. एवढा तोकडा तुकडा कामाचा नसतो, त्यामुळे त्या प्रतीपासून बीटा साखळी मिळतच नाही. पण जनुकाच्या प्रती दोन असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. 'हेटेरोझायगस' म्हणजे बिघाड एकीत आहे, दुसरी शाबूत. तुमच्या मंडळींचं शरीर तिच्यावर व्यवस्थित चाललंय. पेशी थोड्या लहान होतात, एवढंच.

आणि 'ध'चा 'मा'. मी हा दाखला तीस वर्षं दिला आणि जवळजवळ दरवर्षी मागच्या बाकावरून एक प्रश्न यायचा, 'सर, मग इथली आनंदीबाई कोण?' कुणीच नाही. पेशी दुभंगताना सहाशे कोटींवर अक्षरांची नक्कल होते, दुरुस्तीची यंत्रणाही असते, तरी एखादी चूक निसटते. कधीकाळी कुणा पूर्वजाच्या बाबतीत ती निसटली आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली. त्यात तुमच्या सुनबाईंनी, त्यांच्या माहेरानं काही केलेलं नाही. हे वाक्य आईंना वाचून दाखवा.

मलप्रभाकाठ (११.४१)

सर, खरंच आभार. दाखवतो. पण बाकीच्यांच्या रिपोर्टवर वेगळं लिहून येतं ते काय? बदलाचे प्रकार असतात काय?

निवृत्त मास्तर (सोमवार, सकाळी ६.५०)

असतात. चहा घेऊन बसा.

पहिलीच्या पोरांना काना-मात्रा नसलेली वाक्यं देतात तसं एक वाक्य घ्या. प्रत्येक शब्द तीन अक्षरी:

मदन गरम वरण वरप

एक अक्षर बदला: मदन गरम वरण ओरप. वरपणं काय, ओरपणं काय, वरण पोटातच गेलं. हा मूक बदल. जीएएचं जीएजी झालं तरी दोन्हींचा अर्थ ग्लुटामिक आम्लच.

आता मदन नरम वरण वरप. अर्थ बदलला, पण जेवण झालं. आणि मदन गरम मरण वरप? इथंही एकच अक्षर बदललंय. हे दोन्ही एकाच जातीचे बदल, मिससेन्स, म्हणजे एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं. नुसत्या प्रकाराच्या नावावरून किती बिघडलं ते कळत नाही, कुठल्या जागी काय बदललं ते बघावं लागतं. सिकलसेल हा या जातीचा. बीटा साखळीतल्या सहाव्या जागचं जीएजी बदलून जीटीजी होतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं आणि प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. एकाच जागचा एक बदल आणि सगळं रक्त गोत्यात.

तिसरा तुमचा, नॉनसेन्स. 'मदन गरम' आणि तिथेच पूर्णविराम.

चौथा सगळ्यात धुडगूस घालणारा. 'गरम'मधला ग गाळा, पण वाचणारा तीन-तीनच वाचणार: मदन रमव रणव रप. किंवा एक 'प' घुसडा: मदन पगर मवर णवर प. पुढचं सगळं बरळणं. याला फ्रेमशिफ्ट म्हणतात. अख्खा 'गरम' गाळलात तर मात्र 'मदन वरण वरप', वाक्य शाबूत, फक्त वरण गार.

सीईटीची तयारी (७.२०)

सर, मरण आलं म्हणजे तिथेच थांबलं की! मग तो नॉनसेन्स नव्हे काय?

निवृत्त मास्तर (७.३१)

शाबास, पण नाही. 'मरण'नंतर 'वरप' वाचलं जातंच, वाक्य शेवटपर्यंत जातं. पेशीला शब्दाचा अर्थ कळत नाही, फक्त 'थांब' कळतं. परीक्षेत मरण लिहून येऊ नकोस.

मोडीवेडा (९.१०)

मास्तर, शब्दांमध्ये जागा सोडून तुम्ही वाचकाला फुकट मदत केलीत. माझ्याकडे जमिनीच्या वादातले जुने मोडी कागद येतात. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, लेखणी न उचलता ओळ सरकत जाते. पहिला शब्द कुठं तुटतो ते चुकलं की पुढची ओळ भलतीच लागते. एकदा 'त्याचे मळ्यास' हे 'त्या चेमळ्यास' वाचून मी चेमळे आडनावाचा माणूस दोन दिवस शोधत होतो.

आणखी एक. मी मोडीचं बाळबोध करतो. भाषा तीच, लिपी बदलली. मग कचेरीसाठी दुसरा माणूस त्याचं कन्नड करतो, तिथं भाषाच बदलते. तुमच्याकडे डीएनए ते आरएनए आणि आरएनए ते प्रथिन हे असंच ना?

निवृत्त मास्तर (९.४०)

हे मला तीस वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं. अगदी असंच. पहिल्याला आम्ही प्रतिलेखन म्हणतो, दुसऱ्याला भाषांतरण. डीएनए आणि आरएनए एकाच भाषेच्या दोन लिप्या. अमिनो आम्लांची भाषाच वेगळी, तिथं दुभाष्या लागतो. तो म्हणजे टीआरएनए: एका टोकाला कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरं, दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल. खरं तर त्याच्या पाठीवर योग्य आम्ल चढवणारी विकरं वेगळी असतात, दोन्ही भाषा त्यांनाच येतात. टीआरएनए नुसता हमाल, चिठ्ठी वाचून पोतं उतरवणारा.

वाक्य कुठून सुरू करायचं तेही ठरलेलं आहे. एयूजी दिसला की सुरुवात, तिथून तीन-तीन. तुमच्यासारखं चेमळे शोधत बसावं लागत नाही.

खासबागचा माग (१०.३०)

आमच्या मागावर जॅकार्डची पुठ्ठ्याची कार्डं असतात, भोकं पाडलेली. भोक असेल तिथं धागा उचलतो, नसेल तिथं नाही. चुकीचं भोक पडलं तर काठावरच्या मोराची चोच वाकडी येणार. तसंच म्हणायचं काय?

निवृत्त मास्तर (१०.४४)

चुकीचं भोक म्हणजे मिससेन्स, मान्य. एक कार्ड हरवलं तर?

खासबागचा माग (१०.५१)

एक वीण कमी पडणार. मोर थोडा बुटका. पुढचं सगळं जागच्या जागी.

निवृत्त मास्तर (१०.५५)

म्हणजे ते तीन अक्षरं गाळल्यासारखं. फ्रेमशिफ्ट तुमच्या मागावर होऊच शकत नाही, कारण तुमचं प्रत्येक कार्ड सुटं आहे. आमची ओळ मोडीवेड्यांच्या कागदासारखी सलग.

लॅबवाली (दुपारी २.१५)

ड्युटी संपली. बाकीच्या रिपोर्टवर काय दिसतं ते लिहिते, शहापूरच्या ताईंनाही उत्तर मिळेल.

भारतात बीटा थॅलेसेमियात सर्वांत जास्त सापडतो तो 'आयव्हीएस १-५'. तो कोडॉनमध्ये नसतोच. आरएनएतला नको असलेला तुकडा कापून काढण्याची जी खूण असते तिच्याशेजारी एक अक्षर बदलतं आणि कात्री चुकीच्या जागी चालते. मग 'कोडॉन ८/९', तिथं एक जी जास्तीचा. 'कोडॉन ४१/४२', तिथं चार अक्षरं गायब. एका प्रकारात ६१९ अक्षरांचा तुकडाच उडालेला असतो. आणि तुमचा कोडॉन १५. असल्या मोजक्या प्रकारांवर भारतातल्या बहुसंख्य वाहकांचा हिशेब लागतो, म्हणून आधी तेच तपासतात.

मलप्रभाकाठ, तुमच्या रिपोर्टवर खाली कुठं बारीक अक्षरात १५ ऐवजी १६ लिहिलंय काय?

मलप्रभाकाठ (२.३०)

होय! मला वाटलं छपाईची चूक. त्यावरून आणखी घाबरलो होतो, म्हटलं रिपोर्ट दुसऱ्याच कुणाचा तर नव्हे.

लॅबवाली (२.३४)

तुमचाच आहे. साखळीची सुरुवात एयूजीनं म्हणजे मेथिओनिननं होते, पण ते नंतर छाटून टाकलं जातं. जुन्या पद्धतीत ते मोजत नव्हते, नव्या पद्धतीत मोजतात. म्हणून जुनं १५ ते नवं १६.

सीईटीची तयारी (२.४०)

आत्ता कळलं! सिकलसेल पुस्तकात सहाव्या जागी आणि इंटरनेटवर सातव्या जागी दिसतो, ते यामुळेच. मला वाटलं दोघांपैकी एक खोटं.

निवृत्त मास्तर (३.०५)

८/९ चं गणित मी पोरांना फळ्यावर करून दाखवायचो, तेवढं सांगू द्या. तिथली मूळ ओळ: एएजी टीसीटी जीसीसी जीटीटी एसीटी. पहिल्या शब्दानंतर एक जी घुसला: एएजी जीटीसी टीजीसी सीजीटी टीएसी. शब्दन्‌शब्द बदलला. असं वाचत गेलात की बाविसाव्या जागी टीजीए लागतो. तो मुळात तिथं नव्हता, दोन शेजारी शब्दांच्या तुकड्यांतून अपघातानं जुळून आलाय, पण साखळी जोडणाऱ्या रायबोसोमला काय, थांब म्हणजे थांब. फ्रेमशिफ्टचा शेवट बहुतेकदा असाच अवेळी होतो.

तुमच्या ट्रिप्टोफॅनबद्दलही एक गंमत. ल्युसिन, सेरिन, आर्जिनिन यांना सहा-सहा कोडॉन आहेत, अक्षर चुकलं तरी सांभाळून घेतलं जातं. ट्रिप्टोफॅनचा एकुलता एक यूजीजी. त्यात एक अक्षर बदलायचे नऊ मार्ग, नऊच्या नऊ अर्थ बदलणारे आणि त्यांतले दोन सरळ 'थांब'.

कुंदाप्रेमी (५.००)

मास्तर, हा कोश बनवला कुणी? म्हणजे कुठला कोडॉन कशाचा हे कळलं कसं?

निवृत्त मास्तर (५.४०)

तुमच्याकडून चांगला प्रश्न आला, कुंदा खाऊ घालीन. १९६१ साली निरेनबर्ग आणि मॅथाई यांनी नुसत्या यूंची माळ पेशींच्या अर्कात सोडली. बाहेर पडली एकाच अमिनो आम्लाची, फिनिलॅलनिनची साखळी. यूयूयू सुटला. मग आपले हरगोविंद खुराना. त्यांनी यूसीयूसीयूसी अशी माळ रसायनशाळेत रचून घेतली. दोन-दोन वाचलं तर एकच आम्ल यायला हवं, पण आली दोन, आळीपाळीनं: सेरिन, ल्युसिन, सेरिन, ल्युसिन. यूसीयू, सीयूसी. तीन-तीन वाचतात याचा केवढा स्वच्छ पुरावा! १९६६ पर्यंत सगळा कोश भरला आणि १९६८ चं नोबेल निरेनबर्ग, खुराना आणि हॉली यांना मिळालं. पुढे रायबोसोमची रचना उलगडणाऱ्या तिघांना २००९ चं मिळालं, त्यांतले वेंकी रामकृष्णन चिदंबरमला जन्मले.

हा कोश जवळजवळ सगळ्या सजीवांत एकच, म्हणून तर माणसाचं इन्सुलिन जिवाणूकडून करून घेता येतं. 'जवळजवळ' का, तर आपल्याच पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात यूजीएचा अर्थ 'थांब' नाही, ट्रिप्टोफॅन आहे. बेळगावकरांना याचं नवल वाटू नये. कन्नडात 'बा' म्हणजे ये, आपल्या खेड्यात 'बा' म्हणजे बाप, आणि दोन्ही एकाच गल्लीत.

निपाणीकर (६.१५)

सगळं छान, पण माणसाच्या प्रश्नाचं काय? लोहाच्या गोळ्या घ्यायच्या की नाही?

लॅबवाली (६.३०)

बरोबर बोललात. वाहकाचं हिमोग्लोबिन कमी दिसतं म्हणून वर्षानुवर्षं लोह देत राहणं चूक, आणि गरोदरपणात ते आपणहून बंद करणंही चूक. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून डॉक्टर ठरवतील. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता बाधित मुलाची, चारात दोन वाहकाची, चारात एक पूर्ण मोकळ्याची. 'प्रत्येक' शब्द महत्त्वाचा. एक मूल बाधित झालं म्हणून पुढची तीन सुटत नाहीत. एकच वाहक असेल तर बाधित मुलाची भीती नाही, मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी.

मलप्रभाकाठ (गुरुवार, रात्री ८.२०)

माझा रिपोर्ट आला. एचबीए२ २.७, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार) ८७. डॉक्टर म्हणाले, तुम्ही वाहक नाही.

मास्तरांचं आनंदीबाईचं वाक्य आईला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण सकाळी सुनेला तूप घालून मऊ भात केला होता.

आता दुसरंच उपटलंय. मेहुण्याचा साखरपुडा ठरलाय. सासऱ्यांना फोन करून सांगितलं की त्याचंही रक्त तपासा. तर ते म्हणाले, मुलीकडच्यांना कळलं तर मोडेल, तुम्ही गप्प बसा. काय करू?

शहापूरची सून (८.३५)

गप्प बसू नका. सासऱ्यांना नको, मेहुण्यालाच सांगा. त्याला नसण्याची शक्यता निम्मी आहे, मग विषयच संपला. असलं तरी मुलीची एक तपासणी, बस. आमच्या लग्नाआधी कुणी सांगितलं नाही, आणि थोरल्याच्या वेळी रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस मी अजून विसरले नाही.

मलप्रभाकाठ (८.५०)

रविवारी त्याला शिनोळीला बोलावलंय, चहाच्या गाड्यावर. कागदावर मदनचं वरण लिहून नेतो.

कुंदाप्रेमी (८.५३)

'ओरप' पण लिही. मला तिथंच कळलं होतं.